बकुळची फाईल

वाई,
दि. १८ जून २०२५

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे परवाचे फोनवरचे बोलणे मध्येच तुटले. रेंज गेली की तुझा आवाज भरून आला, हे मला कळले नाही, आणि पुन्हा फोन लावून विचारण्याचा धीरही झाला नाही, म्हणून आज पत्र लिहायला बसलो आहे. सोसायटीने तुझ्या कुत्रीला, बकुळला, ‘योग्य त्या ठिकाणी हलवावे’ असे लेखी कळवले आहे, आणि ‘बाबा, मी तिला वाईलाच आणून सोडते, मला आता हे सहन होत नाही’ असे तू म्हणालीस, एवढे मी ऐकले. बकुळला या घरात जागा आहे. मे महिन्यात ती राहून गेल्यापासून तुझी आई झोपाळ्यावर बसताना पाय टेकण्याआधी अजूनही खाली पाहते. पण तिला सुट्टीसाठी आणणे वेगळे आणि तुझ्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या कुरापतीपायी आणणे वेगळे. तसे आणलेस तर मी दार उघडीन, पण मला ते आवडलेले नसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर मी ३१ वर्षे काढली, हा तुम्हा भावंडांच्या चेष्टेचा विषय होता आणि असू दे. त्या टेबलावर माणूस फारसे काही शिकत नाही, पण अर्ज वाचायला शिकतो. ज्याला खरे गाऱ्हाणे असते तो आपल्याला काय हवे ते लिहितो: गटार तुंबले आहे, ते काढा, खांबावरचा दिवा गेला आहे, तो लावा. काम झाले की तो पुन्हा दिसत नाही. कुरापत काढणाऱ्याच्या अर्जात मात्र मागणी शेवटच्या ओळीत कशीबशी उरकलेली असते आणि वरची दोन पाने शेजाऱ्याच्या वागण्याने भरलेली असतात. आमच्याकडे एक गृहस्थ दर सोमवारी शेजारच्या म्हशीच्या वासाबद्दल अर्ज देत असत. आरोग्य निरीक्षक दोनदा जाऊन आले, आणि दोन्ही वेळा गोठा धुतलेला व शेण उचललेले असल्याचा शेरा पडला. पुढे मालकाने मुलीच्या लग्नासाठी म्हैस विकली, तरी त्यानंतरचे तीन सोमवार त्याच म्हशीच्या वासाचे अर्ज येत राहिले. चौथ्या सोमवारी मी त्यांना बसवून चहा दिला आणि म्हैस फलटणला गेल्याचे सांगितले. त्यांनी चहा घेतला आणि पुढचा अर्ज अंगणातल्या शेवग्याबद्दल दिला.

तरीसुद्धा समोरच्याला कुरापतखोर ठरवण्याआधी आपले घर तपासावे लागते, आणि ते तू तपासलेस, याचे मला समाधान आहे. एप्रिलमध्ये मी सांगितल्यावर तू जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ऑफिसला गेलीस. ते नऊ तासांचे रेकॉर्डिंग मी दोन दिवस वर्तमानपत्र वाचता वाचता पूर्ण ऐकले आहे. त्यात बहुतेक वेळ पंख्याची घरघर आहे. ११ च्या सुमारास शेजारी सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने बेल वाजवली, तेव्हा बकुळ साधारण पाऊण मिनिट भुंकली. १ वाजता मावशी तिला फिरवायला घेऊन गेल्या आणि परत आल्यावर ती बराच वेळ लपलप पाणी पीत होती. संध्याकाळी मात्र नखांची टकटक अचानक दाराकडे गेली, बारीक कुईंकुईं सुरू झाली, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने लिफ्टचे दार वाजले. तू आल्याचे तिला लिफ्ट थांबण्याआधी कळते, हे मला असे ७५ किलोमीटरवर बसून कळले.

दुसऱ्या मजल्यावरच्या लहान मुलीची गोष्ट या सगळ्यात धरू नकोस. ती खरोखर घाबरत होती, तिच्या आईने ते तुला तोंडावर सांगितले, आणि तेव्हापासून तू पट्टा आखूड धरतेस व ती लिफ्टमध्ये असली की पुढच्या फेरीसाठी थांबतेस. ते गाऱ्हाणे होते आणि ते मिटले. उद्या कोणी असेच येऊन सांगितले, तर खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा राग त्या माणसावर काढू नकोस. सततच्या त्रासाने माणसाला सगळेच शेजारी एका रंगाचे दिसू लागतात, आणि कुरापत काढणाऱ्याला आयतेच सोबती मिळतात.

आता बकुळविरुद्ध मार्चपासून गेलेले ते चार अर्ज एका ओळीत मांडून पाहा. मी काल जेवणाच्या टेबलावर तसेच मांडले होते. मार्चमध्ये सोसायटीकडे गेलेल्या अर्जात कुत्री मोकळी सोडली जाते आणि जिन्यात मुलांच्या अंगावर जाते असे आहे. एप्रिलमध्ये प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला कळवले गेले की, तिला दिवसभर बाल्कनीत बांधून उपाशी ठेवतात. (त्या संस्थेचे दोन तरुण पाहायला आले, तेव्हा या उपाशी कुत्रीने डॉक्टरांच्या कार्डावरचे आपले १७ किलो वजन त्यांना मांडीवर बसूनच दाखवले, असे तू म्हणाली होतीस.) मे महिन्यात पोलीस चौकीत अर्ज गेला की, ४ आणि ५ मेच्या रात्री ती पहाटेपर्यंत भुंकत होती. जूनमध्ये महापालिकेकडे गेलेला अर्ज म्हणतो की, तिला लसही नाही आणि परवानाही नाही. जिन्यात मोकळी फिरणारी कुत्री बाल्कनीत बांधलेली कशी असेल, हा प्रश्न या चार कचेऱ्यांपैकी कोणीच विचारला नाही, कारण प्रत्येकीसमोर एकच कागद होता. चारही कागद फक्त तुझ्याकडे आहेत.

आणि ४ व ५ मेच्या रात्री बकुळ या घरात होती. तू महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला जोडून तिला आणलेस आणि ९ तारखेला नेलेस. ५ तारखेला कृष्णेच्या काठावर तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला, म्हणून मी तिला रिक्षाने येथल्या पशुवैद्यांकडे नेले होते. त्या पावतीवर तारीख, तिचे नाव आणि ‘उजवा पुढचा पाय’ असे स्पष्ट लिहिले आहे. पावती मी नेहमीप्रमाणे लाईट बिलांच्या फाईलला लावली होती, तिची प्रत सोबत पाठवतो आहे. ती हातात घेतली तेव्हा मला फलटणला गेलेली म्हैस आठवली.

हे सगळे फेब्रुवारीत तू आपली पार्किंगची जागा खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या दुसऱ्या गाडीला द्यायला नकार दिलास त्यानंतर सुरू झाले, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. पण उत्तरात त्यातले एक अक्षर लिहू नकोस. हेतू सिद्ध करता येत नाही, तारीख करता येते. ‘पार्किंगचा राग काढत आहेत’ असे लिहिलेस की, सोसायटीचे सचिव सुटकेचा श्वास टाकतील आणि ‘दोन सभासदांमधील वैयक्तिक वाद’ असा शेरा मारून कागद बाजूला ठेवतील. मी स्वतः असे शेरे मारले आहेत, म्हणून सांगतो.

उत्तर एका पानाचे असावे. अमुक तारखेच्या पत्राचा संदर्भ द्यावा, त्यातल्या प्रत्येक आरोपाला एका वाक्यात उत्तर द्यावे आणि त्या वाक्याचा पुरावा सोबत जोडावा: रेबीजच्या लशीचे प्रमाणपत्र, महापालिकेचा चालू परवाना, नसबंदीचा दाखला, वाईची पावती. ‘खोडसाळ’, ‘सूडबुद्धीने’ हे शब्द तुझ्या कच्च्या मसुद्यात मला पाच ठिकाणी दिसले. ते सगळे काढ. दोन प्रती कर, एक देऊन दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घे. सही द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र उत्तर देऊ नकोस, मग तेथे कोणी कितीही टोमणे मारोत. तेथे रात्री ११ वाजता रागाने लिहिलेली एक ओळ पुढे तुझ्याच विरुद्ध कागदावर चिकटवून येते.

सर्वसाधारण सभेत ठराव करून कुत्र्यांना बंदी घालू, असे त्यांनी म्हटल्याचे तू सांगितलेस. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे छापून घे आणि शांतपणे सचिवांच्या हाती दे. रहिवासी संस्थेला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने उपविधी बदलूनही नाही. लिफ्ट नाकारता येत नाही किंवा तिचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. आणि भुंकणे हे बंदीचे कारण होऊ शकत नाही, हे सगळे त्यात आहे. त्याच कागदात पाळणाऱ्यांनाही सांगितले आहे की, लसीकरण वेळेवर करावे, सार्वजनिक जागेत पट्टा असावा, घाण स्वतः उचलावी आणि विशेषतः रात्री प्राणी शांत राहील असे पाहावे. तो भागही तू सभेत स्वतःहून मोठ्याने वाचावास असे मला वाटते, कारण त्यातले तू काहीच चुकवलेले नाहीस. एवढे होऊनही त्यांनी दंड लावलाच, तर सहकारी संस्थांचे उपनिबंधक आहेत आणि सहकार न्यायालय आहे. पण बहुतेक सचिवांना उपनिबंधकांचे नावच पुरते.

पोलीस चौकीत आणि महापालिकेत गेलेल्या अर्जांच्या प्रती माहिती अधिकारात माग. साध्या कागदावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा असतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जदाराचे नाव कदाचित झाकतील, पण तुला नाव नको, मजकूर हवा. तुझा भाऊ म्हणाला की, खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांच्यावरच गुन्हा दाखल करू. भारतीय न्याय संहितेत तसे कलम आहे, २१७ वे. पण त्याची दखल न्यायालय ज्या अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली गेली त्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्याच लेखी तक्रारीवर घेते, आणि कामाच्या ओझ्याखालचा अधिकारी एका कुत्रीसाठी तसे करील अशी आशा मी धरत नाही. तेव्हा ते कलम माहीत असू दे, पण त्यासाठी पळापळ करू नकोस.

एका बाबतीत मात्र तू ढिली आहेस आणि त्याबद्दल मी रागावलो आहे. गेल्या आठवड्यात लिफ्टपाशी कोणीतरी ‘एक दिवस काहीतरी खाईल आणि जाईल’ असे पुटपुटले, हे तू मला हसत सांगितलेस. ही तक्रार नव्हे, ही धमकी आहे. प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी त्याच संहितेच्या ३२५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तो दिवस, वेळ, नेमके शब्द आणि जवळ उभे असलेल्या वॉचमनचा उल्लेख करून आजच चौकीत वेगळा अर्ज दे. बाकीच्या चार प्रकरणांत तो मिसळू नकोस. फिरायला नेताना काही दिवस तिला जाळीचे मुसके घाल. मळणीच्या वेळी बैलाला घालतात तसेच ते असते, त्यातून तिला धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येते. सुरुवातीला त्यात आतून थोडे शेंगदाण्याचे कूट लावलेस तर ती आपणहून तोंड घालील, हा उपाय तुझ्या आईचा आहे. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातले टाकायला तिला शिकव. रात्रभर उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लाव. आणि कधी शंका आलीच, तर कोणाचे ऐकून मीठपाणी पाजू नकोस, कारण मिठाचीच बाधा होते. जे खाल्ले त्याचा उरलेला तुकडा किंवा पुडी घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

तुला बांधकामाच्या वाळूत सापडलेले ते पिल्लू घरी ठेवायला मी विरोध केला होता, आणि वाळलेल्या बकुळीच्या रंगाची म्हणून तिचे नाव बकुळ ठेवलेस तेव्हा ‘कुत्र्याला फुलाचे नाव’ म्हणून नाकही मुरडले होते. आता मी ते नाव फाईलच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिले आहे. फाईल येथे माझ्याकडे राहील, मूळ कागद तुझ्याकडे ठेव. रेबीजची पुढची लस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, ती एक दिवसही पुढे ढकलू नकोस, कारण त्यानंतरच्या अर्जाचा विषय बहुधा तोच असेल.

सोमवारी उत्तर दिलेस की पोच घेतलेल्या पानाचा फोटो पाठव. शिक्का पुसट उठला असेल तर तेथेच उभी राहून पुन्हा मारून घे. पुसट शिक्क्याचा आवक क्रमांक वाचता येत नाही आणि मला तो वहीत चढवायचा आहे. आईने शेंगदाण्याचे कूट डब्यात भरून ठेवले आहे, शनिवारी येणाऱ्या कोणाबरोबर तरी देतो.

तुझा,
बाबा