विषय : उन्हात तापून आलेल्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांबाबत तक्रार

दि. 22 मे
सोलापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा (ग्लुकोमीटर विभाग)

महोदय,

आपल्या नव्या, (पट्ट्यांचा कोड भरावा न लागणाऱ्या) ग्लुकोमीटरच्या 50 पट्ट्यांच्या बारा डब्या 14 मे रोजी होटगी रस्त्यावरील आमच्या तपासणी केंद्रात आल्या. कुरिअरच्या नोंदीनुसार खोके दोन दिवस गोदामात आणि एक अख्खी दुपार गाडीत होते. डबीवर '4 ते 30 अंश' आपणच छापले आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या गाडीत काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

पहिली शंका उपाशीपोटीच्या तपासणीत आली. शिरेतले रक्त फ्लोराइडच्या (रक्तातली साखर टिकवणाऱ्या) राखाडी टोपीच्या नळीत घेतले, लॅबच्या यंत्रावर 132 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आले. त्याच वेळी बोटाच्या रक्तावर मीटरने 189 दाखवले. जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर जास्त भरते, उपाशीपोटी हा फरक किरकोळ असतो. हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) कमी असले तरी मीटर चढे दाखवते, म्हणून तेही पाहिले : 41 टक्के. ग्लुकोमीटरच्या अचूकतेच्या आंतरराष्ट्रीय मानकातली, म्हणजे आयएसओ 15197 (2013) मधली 15 टक्क्यांची सूट धरली, तरी आकडा 112 ते 152 मध्ये बसायला हवा होता.

एका आकड्यावर तक्रार करू नये, म्हणून कंट्रोल सोल्युशन (पट्ट्या तपासण्यासाठीचे, ठरावीक साखरेचे द्रावण) लावले. बाटली हलवली, पहिला थेंब टाकून दिला, दुसरा स्वच्छ झाकणावर घेऊन पट्टीचे टोक त्याला टेकवले. डबीवरची मर्यादा 102 ते 138. नव्या तीन डब्यांतल्या एकेका पट्टीवर आले 171, 164, 178. त्याच लॉटची (एकाच वेळी बनलेल्या मालातली), स्टॉकिस्टकडून आधी आणून एसीच्या खोलीत ठेवलेली डबी काढली : 118, 121. मीटर तेच, बाटली तीच. लॉट ठीक आहे, माल वाटेत बिघडला आहे.

असे का होते, हे आपल्या तंत्रज्ञांना माहीत असेलच. उष्णतेने आणि ओलाव्याने पट्टीवरचा एन्झाइम मेला तर आकडा उतरतो. इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रसायन आधीच बदलले तर रक्त लागण्याआधीच प्रवाहाची भर पडते आणि आकडा चढतो. इथे दुसरे झालेले दिसते. चढा आकडा जास्त घातक. खरी साखर 65 इतकी कमी असताना मीटर 90 च्या पुढे दाखवेल आणि इन्सुलिनवरचा पेशंट साखर खायची सोडून स्वस्थ बसेल.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने विचारले, हात धुतले होते का? आंब्याचा रस बोटाला असला की आकडा चढतो, मान्य. पण कंट्रोल सोल्युशनला बोटे नसतात. दुसरा सल्ला फ्रिजमध्ये ठेवण्याचा. थंड डबी बाहेर काढून उघडली की आत दव धरते, म्हणजे उरल्यासुरल्या पट्ट्याही गेल्या.

बाराही डब्या बदलून द्या. उन्हाळ्यातल्या खोक्यांवर तापमान दाखवणारे स्टिकर लावा. नव्या मीटरच्या पेटीतून काढून टाकलेली कंट्रोल सोल्युशनची बाटली परत द्या आणि माहितीपत्रक मराठीत छापा. ग्लुकोमीटर 1 जानेवारी 2021 पासून औषध कायद्याखाली आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास अन्न व औषध प्रशासन आणि मटेरिओव्हिजिलन्सकडे (वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाकडे) हेच आकडे पाठवू.

सीलबंद नऊ आणि उघडलेल्या तीन डब्या बाजूला काढून ठेवल्या आहेत. माणूस पाठवाल तो सकाळी दहाच्या आत पाठवा.

आपले,
तंत्रज्ञ, मधुमेह तपासणी केंद्र, सोलापूर