एकदा तरी होऊ दे, असं म्हणू नकोस

नारायण पेठ, पुणे
दिवाळी पाडवा

प्रिय सुमे,

तुझं पत्र लक्ष्मीपूजनाच्या धांदलीत हाती आलं. आज फराळाचे डबे वाटून झाले आणि आधी लिहायला बसले, कारण तुझा प्रश्न थांबणारा नाही. तुझी मांजर चिमी माजावर आलीय, रात्रभर ओरडते, आणि काकू म्हणतात, "एकदा तरी पिल्लं होऊ देत तिला, मग काय ते ऑपरेशन करा." तुला माझं मत हवंय. सुमे, होऊ देऊ नकोस. आमच्या मांजरीचं, शेवंतीचं, सगळं बाळंतपण मी जवळून पाहिलं, म्हणून हे इतकं ठामपणे लिहितेय.

शेवंती आषाढात आमच्या वाड्याच्या जिन्याखाली येऊन बसली. काळ्या-केशरी अंगाची, भिजलेली, बरगड्या मोजाव्यात इतकी बारीक. तिची गंमत म्हणजे वय जेमतेम सात-आठ महिन्यांचं, अजून स्वतःच पिल्लू. आठवडाभर खाऊन अंग धरलं, पण पोटच जास्त दिसू लागलं. सड गुलाबी आणि टपोरे झाले होते. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, तर आत इवली हृदयं लुकलुकत होती. मांजरीचे दिवस साधारण 63 ते 65. त्यातले निम्म्याहून जास्त भरले होते.

डॉक्टरांनी दोन्ही वाटा नीट समजावल्या. अशा अवस्थेतही गर्भाशय काढता येतं आणि मांजर अशक्त असेल तर कधीकधी तेच बरं असतं. पण दिवस जितके पुढे, तितका रक्तस्रावाचा धोका जास्त, आणि शेवंतीच्या अंगात रक्तच कमी. आम्ही दोघांनी रात्रभर विचार करून बाळंतपण होऊ द्यायचं ठरवलं. दुसरी वाट निवडणाऱ्याला मी कधीही नावं ठेवणार नाही. तो निर्णय घेताना पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे.

मग सुरू झालं तिचं खाणंपिणं. सासूबाई प्रेमाने दूध-शेवया घेऊन आल्या. त्यांना समजावावं लागलं की मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात. पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या मांजरीला पिल्लांचंच खाणं द्यायचं, त्यात प्रथिनं आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त असतो. शेवटी पोटात जागा उरत नाही, म्हणून थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. जंताचं औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच दिलं. लस मात्र तेव्हा टोचली नाही, कारण जिवंत विषाणूंची लस पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला अपाय करू शकते. आणि हे चिमीसाठीही लिहून ठेव: ताप वाटला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीही द्यायची नाही. एका गोळीनेही जीव जातो.

त्याच सुमारास माझ्या जावेला दिवस राहिले आणि घरात एकच सूर, मांजर बाहेर काढा. मी तिच्या डॉक्टरीणबाईंना भेटून आले. पोटातल्या बाळाला अपाय करणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची बाधा होते खरी, पण मांजराच्या विष्ठेतले जंतू बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. वाळूचा ट्रे रोज साफ केला आणि तो जावेने केला नाही, की काळजी बरीचशी मिटते. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांनीही तीच बाधा होते, त्याबद्दल मात्र कुणी ओरडत नव्हतं! ट्रे मी रोज सकाळी साफ केला. जाऊ सुखरूप आहे, शेवंतीही इथेच आहे.

श्रावण सरता सरता एके दिवशी तिने खाणं सोडलं. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे थर्मामीटर लावलं, तर नेहमी 38 च्या वर असणारं अंग 37.5 वर उतरलेलं. म्हणजे आता दिवसभरात. मधल्या खोलीत कपाटामागे खोका ठेवला होता, त्यात जुनं नऊवारी अंथरलं होतं. रात्री कळा सुरू झाल्या. पहिलं पिल्लू आलं तेव्हा ती स्वतःच दचकली, वळून बघत राहिली. मग चाटायला लागली आणि पिल्लाने आवाज केला. त्या आवाजाचं काय सांगू तुला! प्रत्येक पिल्लामागे वार पडते का ते मी मोजत होते. जोराच्या कळा वीस-तीस मिनिटं येऊनही पिल्लू बाहेर येत नसेल तर तडक दवाखाना, हे बजावलेलं होतं. तिसऱ्याच्या वेळी तशीच वेळ आली. भर पावसात, पिल्लं टॉवेलात, ती पिंजऱ्यात, असे आम्ही रिक्षाने गेलो. पिल्लू आडवं अडकलं होतं. डॉक्टरांनी ते सोडवलं, पण ते फार काळ अडकून राहिलं होतं. बराच वेळ चोळूनही त्याने श्वास घेतला नाही. चौथं आपोआप आलं.

शेवंती त्या गेलेल्या पिल्लालाही चाटत होती. हे काकूंना वाचून दाखव.

जगलेल्या तिघांना मी रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत असे. जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. एक काळं, दोन केशरी. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि बोक्याला तो फक्त आईकडून मिळतो, म्हणून शेवंतीसारखीला काळेही मुलगे होतात आणि केशरीही. शिवाय एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

पुढे गणपती. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव आधीपासून चालू होताच, आता दारातच ढोल-ताशा. शेवंती एकेका पिल्लाला मानेला धरून घरभर हिंडायची. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना, ते भीतीपोटी असतं गं, जागा सुरक्षित वाटली नाही की ती हलवते. गौरींच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला पिल्लं बघायची होती. मी खोलीला कडी घातली. काही जणी रागावल्या, त्याला माझा इलाज नव्हता. विसर्जनाला तर पेठांतले रस्ते बंद होतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. दूध पाजणाऱ्या मांजरीच्या रक्तातला चुना अचानक उतरून झटके येऊ शकतात, मग दवाखान्यात पोचायचं कसं? म्हणून चतुर्दशीच्या आधीच बाळंतीण पिल्लांसकट कोथरूडला बहिणीकडे हलवली.

पिल्लं दीड महिन्याची होतात न होतात तोच शेवंती पुन्हा माजावर आली. हो, पाजतानाच. दार उघडं राहिलं असतं तर लगेच दुसरं बाळंतपण. दूध तुटल्यावर तिची नसबंदी करून घेतली. आता ती गॅलरीत उन्हात पडून असते, अंग भरलंय.

तेव्हा काकूंचं "एकदा तरी" कशासाठी, सांग? मांजर आईपणाची स्वप्नं बघत नाही, माज तिला ओढून नेतो. न व्यायल्याने तिचं काही बिघडत नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया केली तर स्तनांच्या कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी होतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच उरत नाही. पिल्लं झाली तर त्यांना घरं कोण शोधणार? मी आज दोन महिने शोधतेय. काळ्याला तर "अपशकुनी" म्हणून तिघांनी नाकारलं, तोच सगळ्यांत मायाळू आहे. तो आता आमच्याकडेच राहील.

आठवडाभरात माज उतरेल. तोवर खिडक्यांना जाळ्या आणि दार बंद, ती कितीही रडली तरी. उतरला की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येईल, म्हणून मधल्या काळातली तारीख डॉक्टरांकडून आत्ताच घेऊन ठेव. आदल्या रात्रीपासून खाणं बंद ठेवायचं असेल, ते त्यांना विचार. ऑपरेशनच्या दिवशी मी साताऱ्याला येते, दोन रात्री राहीन. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायची कॉलर शेवंतीचीच आहे, ती घेऊन येते. तारीख ठरली की फोन कर. काकूंशी मी बोलेन.

तुझी,
वसू