बाझेलची पहाट आणि ल्योंचे जिने

बाझेल, मंगळवार रात्र

प्रिय बाळ्या,

मागच्या फोनवर तू विचारलंस, "एवढा युरोपात जातोस, तिथं बघतोस तरी काय?" तेवढ्यात विमानात बसायची घोषणा झाली आणि उत्तर राहून गेलं. आज सवड आहे. उद्या एकच भेट आहे, तीही दुपारची, आणि खिडकीखालच्या गल्लीतून बासऱ्या आणि ताशे अजून वाजताहेत. झोप येण्याची चिन्हं नाहीत. निवांत लिहितो, तूही निवांत वाच.

आमच्या व्हॉल्व्हच्या धंद्यात गिऱ्हाईक असेल तिथं जावं लागतं. औषधांच्या कारखान्यांसाठी स्वित्झर्लंडमधलं बाझेल, लेव्हरकुझेनच्या कामासाठी कोलोन, फ्रान्समधल्या ल्योंच्या दक्षिणेचा केमिकल पट्टा, आणि दर तीन वर्षांनी फ्रँकफर्टचं अकेमा हे रसायन उद्योगाचं प्रदर्शन. पहिली कित्येक वर्षं माझा युरोप विमानतळ, टॅक्सी आणि हॉटेल एवढ्यातच संपायचा. तो मोकळा केला जिओकॅशिंगनं. खेळ सोपा आहे. कुणीतरी एक डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. आपण फोन हातात घेऊन ती शोधायची, आतल्या चिटोऱ्यावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची, तीही आसपासच्या कुणाच्या लक्षात न येता. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉनमध्ये एक बादली पुरून ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. तिथून हे सुरू झालं.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की डबी लपवणारा बहुतेक वेळा त्याच गावचा असतो. स्वतःच्या गावातली कुठली जागा परक्या माणसानं बघायलाच हवी, हे त्यानं ठरवलेलं असतं. पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत ती जागा असेल किंवा नसेल. त्या अनोळखी माणसाच्या मागून चालत मी जी शहरं पाहिली, ती मला खरीखुरी भेटली असं वाटतं.

इथलंच बघ. परवा रविवारी एका डबीच्या मागं ऱ्हाईनकाठी गेलो. कॅथेड्रलच्या मागे पायऱ्या उतरून खाली आलं की नावेचा धक्का लागतो. या नावेला इंजिन नाही, वल्हं नाही, शीड नाही. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत तारेचा दोर ताणलाय, त्यावर एक कप्पी, आणि कप्पीपासून नावेपर्यंत दुसरा दोर. नावाडी हा दुसरा दोर एक दांडा फिरवून नावेच्या या बाजूवरून त्या बाजूला घेतो. नाव प्रवाहाला तिरकी होते. पाणी तिला ढकलतं, दोर तिला वाहून जाऊ देत नाही, आणि ती आपली शांतपणे आडवी सरकत पलीकडे जाते. परत येताना दांडा उलटा. मी आयुष्यभर प्रवाह अडवायची आणि सोडायची यंत्रं विकली, पण प्रवाहाकडून इतकं साधं आणि इतकं नेमकं काम करून घेतलेलं क्वचितच पाहिलं. दोनदा पलीकडे जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला सगळा वेळ नुसता त्या कप्पीकडे बघत बसलो.

मग वर कॅथेड्रलपाशी गेलो, अर्थकॅशसाठी. यात डबी नसते. जागेवर जाऊन दगड-माती बघायची आणि अर्थकॅश बनवणाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. कॅथेड्रल तांबड्या वालुकाश्माचं आहे. जवळ जाऊन भिंतीला नाक लावलंस तर एकेका दगडात तिरकस रेघा दिसतात. वाळू वाहत्या पाण्यानं कशी थरावर थर साचवली, त्याच्या त्या खुणा. १८ ऑक्टोबर १३५६ च्या भूकंपात याच इमारतीचे मनोरे कोसळले होते. आल्प्सच्या उत्तरेला नोंद झालेल्या सगळ्यात मोठ्या भूकंपांपैकी तो एक.

आता कालची पहाट. तिच्यासाठीच मी या वेळची भेट या आठवड्यात मागून घेतली होती. बाझेलचा फासनाख्ट, म्हणजे इथला कार्निव्हल, राखेच्या बुधवारानंतरच्या (ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात तो दिवस) सोमवारी पहाटे ठीक चार वाजता सुरू होतो, म्हणजे बाकीच्या जर्मन मुलखाचा कार्निव्हल संपल्यावर. साडेतीनलाच गल्ल्या खच्चून भरल्या होत्या. कडाक्याची थंडी, आणि तरी कुणी धक्काबुक्की करत नव्हतं. चारचे टोल पडले आणि अख्ख्या जुन्या शहराचे दिवे एकदम गेले. वीजकंपनीच बंद करते. त्या अंधारात एक हुकूम ऐकू आला, "मोर्गेश्ट्राइख, फोरवर्ट्स मार्श!" (पहाटेची मिरवणूक, पुढे चला!) आणि शेकडो पिकोलो बासऱ्या आणि ताशे एकाच चालीवर सुरू झाले. प्रत्येक मंडळाचा माणसाच्या दुप्पट उंचीचा रंगवलेला कंदील आतून उजळलेला, आणि वाजवणाऱ्यांच्या डोक्यांवर छोटे कंदील. कंदिलावर वर्षभरातल्या राजकारणाची आणि गावच्या भानगडींची चित्रं. बाळ्या, तू ढोलपथकात वाजवलं आहेस म्हणून सांगतो: इथं आवाज मोठा करायची अहमहमिका नव्हती. एकाच वेळी, एकाच हातानं टिपरी पडत होती. माझ्या अंगावर काटा आला.

नंतर मंडळं वेगवेगळ्या गल्ल्यांत पांगतात. वाटेल त्या मंडळाच्या मागे, त्याच्याच चालीत चालत राहायचं. मी एकाच्या मागे उजाडेपर्यंत चाललो. मुखवटे आणि वेष फक्त वाजवणाऱ्या-नाचणाऱ्यांचे, बघ्यांनी सोंग घ्यायचं नाही. आपण कोटावर फक्त फासनाख्टचा बिल्ला लावायचा. तांब्याचा, चांदीचा, सोनेरी, ऐपतीप्रमाणे. त्याचे पैसे मंडळांना जातात. हे बरोबर ७२ तास चालतं, गुरुवारी पहाटे चारला बंद. २०१७ साली युनेस्कोनं याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पाचच्या सुमारास एका मंडळाच्या तळघरात पिठाचं सूप घेतलं. गव्हाचं पीठ कोरडं, गडद तपकिरी होईपर्यंत भाजतात, मग कांदा आणि पाणी घालून खूप वेळ शिजवतात, वरून किसलेलं चीज. आपल्यासारख्या शाकाहारी माणसानं आधी विचारायचं, कारण पुष्कळ ठिकाणी गोमांसाचा रस्सा घालतात. कांद्याच्या वेहेत, म्हणजे पातळ पोळीवर भाजलेल्या कांद्यात, डुकराचे तुकडे असू शकतात. चीजची वेहे घ्यावी. त्या पहाटेला ते भाजल्या पिठाचं सूप जसं लागलं, तसं दुपारी कधी लागणार नाही.

ल्यों मात्र तुला आपलं वाटेल असं गाव आहे. तिथं असताना मला इचलकरंजीची, तुझ्या बाबांच्या मागांच्या शेडची आठवण झाली. क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर रेशीम विणणारे राहायचे. घरांची छतं चार-चार मीटर उंच, कारण नक्षी विणणारा जाकार माग उभा राहायला तेवढी उंची लागायची. १८०४ चा तो माग काढणारा जोसेफ मारी जाकार ल्योंचाच. टेकडीवरच्या चौकात त्याचा पुतळा आहे. १८३१ आणि १८३४ साली याच विणकरांनी मजुरीच्या दरासाठी उठाव केले. इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जाणारे बोळ आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. रेशमाचे तागे पावसात न भिजता उतरवायला ते फार सोयीचे होते.

तिथली डबी टप्प्याटप्प्यांची होती. एका अंगणातल्या पायऱ्या मोजा, दुसऱ्या दारावरचा आकडा घ्या, त्यांचं गणित करा, म्हणजे शेवटची जागा कळेल. उंच भिंतींमध्ये उपग्रहाचा सिग्नल आपटून येतो, फोनवरचा बाण वीस-वीस मीटर भरकटतो, म्हणून डोळ्यांनीच शोधावं लागतं. कूर दे व्होरास नावाच्या अंगणातला सहा मजल्यांचा उघडा दगडी जिना मी असाच मोजत चढलो, हळू, कारण तिथं लोक राहतात आणि शांतता राखा अशी पाटी आहे. शेवटी नखाएवढी चुंबकाची डबी लोखंडी कठड्याच्या मागे सापडली. आत कागदाची सुरळी, बोटभर लांब, काडेपेटीच्या काडीसारखी गुंडाळलेली. शेवटच्या नोंदीची तारीख चार दिवसांपूर्वीची.

जेवायला सेर्व्हेल द कान्यू मागव. ताज्या पांढऱ्या चीजमध्ये लसूण, बारीक कांदा, हिरव्या पाती, व्हिनेगर आणि तेल. ब्रेडबरोबर खायचं, पोट भरतं. ल्योंच्या बाकी खाद्यगृहांत आपल्याला फार वाव नाही, पण गुलाबी प्रालिनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, टार्ट सोडू नकोस. डिसेंबरात जमलं तर आठ तारीख गाठ. १८५२ साली टेकडीवरच्या मेरीच्या पुतळ्याचं लोकार्पण सोन नदीच्या पुरामुळे सप्टेंबरातून ८ डिसेंबरला ढकललं होतं. त्या दिवशीही वादळ आलं, पण संध्याकाळी आभाळ उघडलं आणि लोकांनी आपणहून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आता चार दिवस मोठमोठी रोषणाई असते आणि शहर तुडुंब भरतं. मला विचारशील तर रोषणाईपेक्षा गल्लीतल्या त्या खिडक्या बघ.

कोलोनबद्दल थोडक्यात: कार्निव्हलच्या गुरुवारी टाय घालून जा, तोही जुना. त्या दिवशी बायका पुरुषांचे टाय कात्रीनं कापतात. माझा गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातल्या बाईंनी कापला, आणि त्यानंतर आमची ओळख नुसती ईमेलची राहिली नाही. तिथं हाल्वे हान खा. राईचा पाव, जाड गौडा चीज, मोहरी, कांदा. फ्रँकफर्टला सात पाल्यांचा थंड हिरवा सॉस, उकडलेल्या बटाट्यांबरोबर. बस्स.

आता कामाचं. आपण निघोजला एक अर्थकॅश करू. कुकडीच्या पात्रात बेसाल्टमध्ये गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे बघायला कुणी जर्मन किंवा फ्रेंच माणूस फोन घेऊन यावा, असं मला फार वाटतं. खळगे कसे तयार होतात ते मी लिहितो. प्रश्न तू काढ, दगड तुला जास्त कळतात. जागेची परवानगी घ्यावी लागेल, ते ग्रामपंचायतीत आणि तहसीलला विचारून बघ. पाणी उतरलेलं असताना जायला हवं, तेव्हा दिवाळीनंतरचा एखादा रविवार मोकळा ठेव. वहिनींनाही घेऊन ये, भाकरी तिथंच खाऊ.

त्यांना नमस्कार सांग. पोरांना बाझेलचे लेकरली आणतोय, मध-बदामाची बिस्किटं. त्यात चेरीची दारू घालतात म्हणतात, आईला देण्याआधी सांग.

तुझा,
नाना