पीएचपीबीबीत सर्व्हर सेटिंगचा मेनू

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पीएचपीबीबी या फोरम चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ॲडमिन पॅनेलमध्ये सर्व्हर सेटिंगचं तुझं स्वतःचं पान हवं आहे ना, मग त्याच्या मूळ म्हणजे कोअर फाइलींना हात लावू नकोस. आवृत्ती ३.१ किंवा त्यापुढची असेल तर सगळं एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या वेगळ्या भागात, बसतं. कोअरमध्ये घुसवलेली ओळ पुढच्या अपडेटला गुपचूप पुसली जाते आणि मग मेनू कुठे गेला ते शोधत बसावं लागतं.

‘एक्स्ट’ फोल्डरात तुझ्या नावाचा फोल्डर कर, त्याच्या आत एक्स्टेंशनच्या नावाचा. तिथे एक्स्टेंशनची ओळख सांगणारी कंपोझरची जेसन फाइल लागते. ‘एसीपी’ (म्हणजे ॲडमिन पॅनेल) फोल्डरात दोन पीएचपी फाइली: पानाची माहिती देणाऱ्या एकीचं नाव ‘इन्फो’ने संपतं, पान चालवणाऱ्या दुसरीचं ‘मॉड्यूल’ने. नावाचा आधीचा भाग दोन्हींत तंतोतंत एक ठेव, कारण मॉड्यूलच्या नावाची शेपटी बदलूनच इन्फो शोधली जाते. फॉर्मचा टेम्पलेट ‘एडीएम’मधल्या ‘स्टाइल’ फोल्डरात जातो.

इन्फोमध्ये परवानगी लिहिताना बहुतेक जण बोर्ड सेटिंगची परवानगी चिकटवतात. तसं केलंस तर बोर्डाचं नाव बदलण्यापुरता हक्क दिलेल्या माणसालाही तुझं पान उघडेल. सर्व्हर सेटिंगची परवानगी वेगळी आहे, तीच लाव, आणि तिच्या जोडीला एक्स्टेंशन चालू असण्याची अटही.

आता मेनूत नोंद. ती फक्त माइग्रेशनमधून, म्हणजे एक्स्टेंशनसाठी डेटाबेसमध्ये बदल करणाऱ्या फाइलीतून, ‘मॉड्यूल डॉट ॲड’ने कर; ‘जनरल’ टॅबखाली सर्व्हर कॉन्फिगरेशनचा गट तयारच आहे, त्यालाच पालक ठरव. डेटाबेसमधल्या मॉड्यूलच्या टेबलात हाताने ओळ घालायचा मोह होईल. पण तिथे प्रत्येक ओळीला डावा आणि उजवा असे दोन आकडे असतात आणि मुलाचे आकडे पालकाच्या आकड्यांच्या मध्ये बसावे लागतात. एक ओळ घुसवली की तिच्या पुढचे सगळे आकडे सरकवायला हवेत. ते राहिलं की मेनू भलत्याच गटाखाली दिसतो किंवा दिसतच नाही. माइग्रेशन ते सांभाळतं, आणि एक्स्टेंशनचा डेटा पुसताना नोंद काढूनही टाकतं. सेटिंगच्या किमतीही (व्हॅल्यू) तिथेच ‘कॉन्फिग डॉट ॲड’ने घाल. कॉन्फिग टेबलात एका किमतीला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, त्याहून मोठा मजकूर ‘कॉन्फिग टेक्स्ट’ टेबलात जायला हवा.

मेनूत नावाऐवजी कॅपिटल अक्षरांतली किल्ली (त्या नावाचा सांकेतिक शब्द) दिसली तर भाषेची फाइल सापडलेली नाही. तिचं नाव ‘इन्फो एसीपी’ने सुरू व्हायला हवं, तरच पॅनेल ती आपोआप उचलतं.

फॉर्म वाचताना रिक्वेस्टच्या ‘व्हेरिएबल’ फंक्शनला जी डिफॉल्ट किंमत देशील, तिच्या प्रकारात उत्तर येतं. पोर्टसाठी शून्य दिलंस की आकडाच मिळेल, हे छान. मजकुरासाठी मात्र तिसरा पॅरामीटर ‘ट्रू’ दे. नाहीतर देवनागरीतली सूचना सेव्ह केल्यावर नुसती प्रश्नचिन्हांची रांग होते, आणि बिचाऱ्या डेटाबेसच्या कोलेशनवर (अक्षरं जुळवण्याच्या नियमांवर) खापर फुटतं. फॉर्म की, म्हणजे फॉर्म तुझ्याच पानावरून आला हे पटवणारी खूण, घालणं आणि तपासणं दोन्ही कर. नुसती घालून काहीच राखलं जात नाही. पासवर्डच्या रकान्यात खरी किंमत छापू नकोस. आठ तारे दाखव, आणि तेच तारे परत आले तर ती किंमत सेव्ह न करता सोडून दे. मेल पाठवणाऱ्या एसएमटीपीच्या पासवर्डला मूळ पॅनेलही हेच करतं.

कोणती सेटिंग पानावर ठेवायची याचा विचार मात्र निवांत कर. कुकी डोमेन (लॉगिनची कुकी कोणत्या पत्त्यावर चालते ते) चुकलं, किंवा साइट साध्या एचटीटीपीवर असताना सुरक्षित कुकी चालू केली, की लॉगिन टिकत नाही आणि चूक सुधारायला त्या पानापर्यंत पोचताच येत नाही. माझ्या मते ही दोन्ही तुझ्या पानावर नकोतच, मूळ पानावरच राहू देत. तरी कोणी अडकलं तर कमांड लाइन वापर: ‘बिन’ फोल्डरातल्या पीएचपीबीबीच्या सीएलआयला ‘कॉन्फिग सेट’ सांगून किंमत बदल. थेट टेबलात बदललंस तर जुनी किंमत कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) येत राहते, तेव्हा लगेच ‘कॅश पर्ज’ही चालव.

काही अडलं तर एरर लॉगमधली ओळ जशीच्या तशी पाठव, नुसता स्क्रीनचा फोटो नको.

तुझा,
मित्र