हात काढून घे आणि बघ

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

समोरच्याचा होकार-नकार कसा ओळखायचा, याबद्दल लिहितोय. तू प्राण्यांत रमतोस, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सशाला उताणं धरलं की तो निपचित पडतो. बघणाऱ्याला वाटतं, किती लाडावलाय! खरं तर तो भीतीने थिजलेला असतो. कुत्र्याला कुरवाळताना त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागला, तर ‘पुरे’ समज. खात्री करायची रीत सोपी आहे. छातीवर तीनेक सेकंद खाजव आणि हात काढून घे. तो अंगाला रेलला तर पुन्हा खाजव. नुसता उभा राहिला किंवा अंग झाडून निघाला तर थांब. गुरगुरला म्हणून त्याला दटावू नकोस. दटावत गेलं की तो इशारा द्यायचं सोडतो आणि थेट चावतो.

माणसाचं शरीरही असंच थिजतं. स्वीडनमधला 2017 चा एक अभ्यास आहे. बलात्कारानंतर तातडीच्या उपचारासाठी आलेल्या 298 स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के जणींचं शरीर हल्ल्याच्या वेळी बऱ्याच अंशी थिजून गेलं होतं. म्हणून ‘तिने कुठे विरोध केला?’ या प्रश्नात काही दम नाही. पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला. आता बलात्काराचा गुन्हा ठरायला सहभाग स्वेच्छेचा नव्हता एवढं पुरतं, मारहाण किंवा धमकी सिद्ध करावी लागत नाही.

एक मोठा फरक मात्र विसरू नकोस. लस टोचताना प्राण्याला त्याच्या मनाविरुद्ध धरावं लागतं, त्याच्या भल्याचा निर्णय आपण घेतो. सज्ञान स्त्रीच्या शरीराचा निर्णय दुसरं कुणीही घेऊ शकत नाही, ‘मला माहीत आहे, तिला आवडेल’ असं म्हणूनसुद्धा नाही. तिला बोलता येतं. अंदाज बांधू नकोस, सरळ शब्दांत विचार. तेही अशा जागी, जिथून ती तुझ्या गाडीवर अवलंबून न राहता परत जाऊ शकेल. ‘बघू’, ‘आज नको’, ‘उशीर झालाय’ ही सगळी नकाराचीच उत्तरं आहेत. त्या संध्याकाळी पुन्हा विषय काढायचा नाही. मिठीला हो म्हणाली म्हणजे पुढच्या सगळ्याला हो म्हणाली असं नाही, आणि दिलेला होकार मधेच मागे घेता येतो. कंडोम वापरायचं ठरवून तो गुपचूप काढणं म्हणजे तो होकार मोडणं. दारू चढलेली किंवा झोपेत असलेली व्यक्ती होकार देऊच शकत नाही.

दबाव बहुतेक वेळा आरडाओरड्याचा नसतो. तोंड पाडून बसणं, अबोला धरणं, केलेल्या खर्चाची आठवण करून देणं, ‘तुझं प्रेमच नाही’ म्हणणं, जिवाचं बरंवाईट करण्याची धमकी देणं, हा सगळा दबावच. कंटाळून दिलेला होकार मी तरी होकार मानत नाही.

‘आमच्यात असंच चालतं’ हे वाक्य तू प्राण्यांबद्दलही ऐकशील आणि बायकांबद्दलही. बैलाला रिंगणात मारण्याचा खेळ कोलंबियात पिढ्यान्‌पिढ्या चालला, तरी 2024 मध्ये तिथे त्यावर बंदीचा कायदा झाला. चाल जुनी असली म्हणून बैलाला कमी दुखत नव्हतं.

हे सगळं तुलाही लागू आहे. ‘पुरुष असून नाही म्हणतोस?’ असं कुणी म्हणालं तर तोही दबावच. तिथून निघून ये. रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर, न्यायला येईन.

तुझा,
बाबा