मंत्रीसाहेब, वेबसाइटवर टाकायच्या आधी मजकूर जरा निवडून घ्यायला सांगा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, यांना

विषय : सरकारी वेबसाइटवर मजकूर चढवण्याआधी तो साफ करण्याबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. १९९८ पासून टायपिंग करतेय, म्हणजे श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरपासून ते आता मोबाईलला बोलून टाईप करायच्या जमान्यापर्यंत सगळं बघून झालंय. मधे दोन वर्षं एका सरकारी ऑफिसच्या वेबसाइटवर मजकूर चढवायचं काम कंत्राटदारामार्फत केलं. ऑफिसचं नाव घेत नाही, तिथल्या लोकांनी मला चहा पाजलाय.

तर त्या कामात माझं रोजचं भांडण एकच. मी म्हणायचे हा मजकूर आधी निवडून घेऊ, म्हणजे तांदूळ कसे आपण ताटात पसरून खडे काढतो तसं, आणि समोरून उत्तर यायचं, अहो ताई, दिसतंय ना नीट? मग टाका की. आता हे "दिसतंय ना नीट" काय असतं ते तुम्हाला सांगायला हे पत्र लिहितेय, कारण मंत्रालयात बसून मोठ्या स्क्रीनवर सगळं नीटच दिसत असणार.

पहिली गोष्ट गट नंबरची. अनुदानाची यादी आली, एक्सेलमधून वर्डमध्ये आणि वर्डमधून थेट वेबसाइटवर पेस्ट केलेली. एक आजोबा दुकानात आले, म्हणाले माझं नाव आहे पण गट चुकीचा लागलाय, बघ बरं. बघितलं तर गट नंबरच्या खान्यात "१२-फेब". त्यांचा गट आहे १२/२. एक्सेलला इंग्रजी आकड्यात बारा, तिरकी रेघ, दोन असं टाईप केलं की त्याला ती तारीख वाटते, बारा फेब्रुवारी. बरं नंतर तो खाना टेक्स्ट करून बघितला तर १२/२ परत येत नाही, ४५७०० असा आकडा येतो, कारण एक्सेल तारीख आतमध्ये १९०० सालापासूनचे दिवस मोजून ठेवतं, आणि ही यादी २०२५ मध्ये टाईप झालेली. गंमत अशी की ४५/२ किंवा ११२/३ ला काही होत नाही, कारण ती तारीख होऊच शकत नाही, म्हणून यादी वरवर चाळणाऱ्याला सगळं ठीक वाटतं आणि फटका बसतो तो फक्त लहान नंबरवाल्यांना. वर्डचं वेगळंच. तिथं १/२ टाईप करून स्पेस दिली की आपोआप अर्ध्याची खूण होते, ½ अशी, म्हणजे हिस्सा नंबर एक बटे दोनचा अर्धा गट झाला. यावर उपाय काय, तर टाईप करायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करून घ्यायचा, तीन सेकंदाचं काम, पण ते कुणी सांगितलेलंच नसतं. मानवी जनुकांची नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिनं २०२० मध्ये याच एक्सेलच्या सवयीला कंटाळून काही जनुकांची नावंच बदलली, "मार्च १" नावाचं जनुक होतं ते "मार्चएफ १" झालं. शास्त्रज्ञांना ते परवडलं. आमच्या आजोबांना गट नंबर कसा बदलता येईल, तो सातबाऱ्यावर आहे.

दुसरी गोष्ट जीआरची, आणि ही जरा सविस्तर सांगते कारण इथंच सगळ्यात जास्त माती आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी लिहिलेलं असतं की सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे, आणि डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. छान आहे, पूर्वी एका जीआरसाठी पंचायत समितीत चकरा माराव्या लागायच्या ते आठवतं मला. पण त्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून बघा. "विभाग" चं "णवभाग" होतं, "दिनांक" चं "णदनांक", आणि "शासन निर्णय" चं जे होतं ते "शासन णनणणय". हसू येतं पहिल्यांदा. का होतं असं, तर फॉन्टमध्ये पहिली वेलांटी एक नसते, अक्षर रुंद असेल तर लांब वेलांटी, अरुंद असेल तर आखूड, अशी त्या एकाच वेलांटीची कितीतरी चित्रं असतात, रफाराचंही तसंच. पीडीएफ ही चित्रं साठवतं, आणि कुठलं चित्र म्हणजे कुठलं अक्षर याचा एक तक्ता सोबत ठेवतं. तो तक्ता गंडला की कागदावर विभाग, आणि पोटात णवभाग. डोळ्याला कळतच नाही. कळतं ते शोधणाऱ्याला, कारण तुम्ही "विभाग" शोधलं तर काहीच सापडत नाही. आणि कळतं त्याला, ज्याला डोळ्यानं दिसत नाही.

माझ्या दुकानात एक मुलगा यायचा, अंध आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो, ते स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, मराठीही वाचतं बऱ्यापैकी. त्यानं एकदा आरक्षणाचा जीआर लावला आणि मला म्हणाला, ताई हे ऐका. ते यंत्र अगदी शांतपणे "णनणणय णवभाग णदनांक" असं वाचत होतं. त्याच्यासाठीचाच जीआर होता तो, दिव्यांगांच्या सवलतीचा. मग मी तो आठ पानी जीआर त्याला परत टाईप करून दिला. किती जणांना देऊ?

आणि स्कॅन केलेलं असेल तर विषयच संपला, तिथं यंत्राला नुसता फोटो दिसतो. चारशे नावांची यादी, वाकडी स्कॅन केलेली, वर शिक्का आडवा मारलेला, आणि माणूस मोबाईलवर दोन बोटांनी मोठी करून करून आपलं नाव शोधतोय. हे मी रोज बघते.

आता जे पीडीएफ नाही, सरळ पानावर टाकलेलं आहे, त्याची कथा. वर्डमधून उचलून पेस्ट केलं की मजकुराबरोबर वर्डचा सगळा संसार येतो. प्रत्येक ओळीला स्वतःचा फॉन्ट, स्वतःचा रंग, स्पॅन नावाच्या कोडमधल्या खुणेच्या आत स्पॅन, त्याच्या आत अजून एक रिकामा स्पॅन, ओळींच्या मधे अंतर हवं म्हणून रिकामे परिच्छेद, समासासाठी पंधरा-वीस न तुटणाऱ्या स्पेस. मी एकदा नऊ ओळींच्या सूचनेचा कोड उघडून बघितला तर खाली सरकवता सरकवता बोट दुखलं. त्यात फॉन्टचा टॅग, म्हणजे कोडमधली खूण, सापडला, जो वेबपानं लिहायच्या भाषेच्या १९९७ सालच्या आवृत्तीत, एचटीएमएल ४ मध्येच, जुना ठरवून बाजूला काढला होता. आणि टेबलाची रुंदी वर्डच्या कागदाइतकी पक्की बांधलेली, त्यामुळे मोबाईलवर शेवटचा कॉलम स्क्रीनच्या बाहेर. शेवटच्या कॉलममध्ये काय होतं? अर्ज करायची अंतिम तारीख. काय बोलावं.

शीर्षकांचं तर विचारूच नका. आमच्या डीटीपीवाल्यांचीच ही जुनी खोड, मी पण केलंय, नाकबूल करत नाही. शीर्षक रुंद दिसावं म्हणून अक्षरांमधे स्पेस द्यायची, "जा ही र  सू च ना". कागदावर भारी दिसतं. वेबसाइटवर तो एक शब्द उरतच नाही, सुटी अक्षरं होतात, सर्चमध्ये येत नाही आणि वाचणारं यंत्र एकेक अक्षर सुटं वाचत बसतं. आणि शीर्षक म्हणजे नुसतं ठळक करायचं नसतं, त्याला शीर्षकाचा टॅग द्यायचा असतो, त्यावरूनच तो मुलगा एक बटण दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. टॅग नसेल तर त्याला पहिल्या ओळीपासून अख्खं पान ऐकावं लागतं.

मराठीचे आपले खास खडे वेगळेच. "ॲग्रीस्टॅक" हा शब्द घ्या, शेतकऱ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा, सध्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. त्यातला पहिला ॲ मी चार तऱ्हेनं टाईप केलेला बघितलाय. एक सरळ ॲ, जो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांच्या तक्त्यात, २००८ साली आला. एक अ ला वरून चंद्र दिलेला, अॅ. एक त्याच्या मधे न दिसणारं जोडायचं चिन्ह घातलेला, अ‍ॅ. आणि एक हिंदीवाला ऍ. माणसाला चारही तेच, कॉम्प्युटरला चार वेगळे शब्द, आणि एका पद्धतीनं शोधलं की बाकीचे तीन सापडतीलच असं नाही. "तऱ्हा" मधल्या अर्ध्या र चंही तेच, दोन पद्धती आहेत आणि दोन्ही चालू आहेत. मग ते विसर्गाचं. निम्म्या सरकारी पानांवर "विषयः" आणि "दिनांकः" असतं, म्हणजे जिथं कोलन पाहिजे तिथं विसर्ग, आणि "स्वतः" मधे जिथं विसर्ग पाहिजे तिथं कोलन. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकणारेही आहेत, मोबाईल नंबरात! ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात वर्णमाला ठरवून दिली, पाकळीचा ल आणि देठाचा श कसा असावा ते सांगितलं, आणि आपण पानाच्या कोडमध्ये भाषा लिहितो इंग्रजी. तिथं मराठी लिहिलं आणि फॉन्टमध्ये ती सोय असली तर ल आणि श आपोआप मराठी वळणाचे येतात, आणि वाचणाऱ्या यंत्रालाही कळतं की मराठी आवाज लावायचाय. दोन अक्षरांचा बदल आहे तो, साहेब, फक्त दोन अक्षरांचा.

मला माहितीये ऑफिसात यावर काय म्हणतात, कारण मला ते म्हणून झालंय. एक, डिजिटल सही केलेली पीडीएफ आहे, त्यात बदल करता येत नाही. नका ना करू! पीडीएफ राहू द्या सहीसकट, तिच्या शेजारी तोच मजकूर साध्या पानावर टाका, वर लिहा की वाद झाला तर सहीची प्रत ग्राह्य. दोन, वेळ नसतो. वेळेचं म्हणाल तर मजकूर मुळात कुणीतरी युनिकोडमध्येच टाईप केलेला असतो, त्याची वर्ड फाइल त्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर असते, पण आपण तिची पीडीएफ करतो, कधीकधी प्रिंट काढून परत स्कॅन करतो आणि मग म्हणतो मजकूर कुठाय. कंट्रोल शिफ्ट व्ही दाबून पेस्ट केलं की बहुतेक ठिकाणी वर्डचा निम्मा कचरा दारातच राहतो, नाहीतर आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून तिथून उचलायचं, ही तर शाळेतल्या पोरांना माहीत असलेली युक्ती. जास्तच घाण असेल तर एचटीएमएल टायडी नावाचं फुकट साधन आहे, गेल्या शतकापासून आहे, सुटे पडलेले टॅग बंद करतं, रिकामे उडवतं. त्यानंतर एकदा माणसाच्या डोळ्याखालून घालायचं, कारण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोड करताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो ते कुठल्याच साधनाला कळत नाही.

तीन, नियम नाही. हे मात्र खोटं आहे. केंद्राच्या सरकारी वेबसाइटसाठीच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती आली. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की माहिती लोकांना सहज मिळेल अशी द्या, स्थानिक भाषेचा विचार करा. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. नियम पोतंभर आहेत, फक्त ते ज्या माणसापर्यंत पोचायला हवेत तो असतो रोजंदारीवरचा किंवा कंत्राटावरचा ऑपरेटर, त्याला पगार मिळतो किती फाइली चढवल्या यावर, आणि निवडायला बसला तर संध्याकाळी त्याचा आकडा कमी भरतो. मला स्वतःला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं, एकदा नाही, बऱ्याचदा. शेवटी मीही काही दिवस डोळे मिटून पेस्ट करत होते, खोटं कशाला बोलू.

म्हणून माझं मागणं मोठं नाहीये. नवीन पोर्टल नको, ॲप तर अजिबात नको. इथून पुढचा प्रत्येक जीआर आणि प्रत्येक यादी पीडीएफबरोबर साध्या युनिकोड मजकुरातही टाकायची, यादी असेल तर एक्सेलची फाइलही द्यायची, आणि गट नंबरचा कॉलम टेक्स्ट आहे का बघितल्याशिवाय ती पुढे जाऊ द्यायची नाही, एवढं एका पानाचं परिपत्रक काढा. ऑपरेटरच्या कामाच्या नोंदीत "चढवले" च्या शेजारी "तपासले" असा एक कॉलम वाढवा आणि त्याचे पैसे धरा. आणि तपासायचं कसं ते शिकवायला प्रत्येक तालुक्याला एक दुपार पुरते, बोलावलंत तर मी येते, एसटीचं तिकीट माझं मी काढीन.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चौकात पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. तेव्हा जे परिपत्रक व्हॉट्सॲपवर फिरत होतं ते मी सहज कॉपी करून बघितलं. "अणभजात" आलं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक डीटीपी ऑपरेटर

ता.क. वर "विषय" च्या पुढे जी दोन टिंबं आहेत तो कोलन आहे, विसर्ग नाही. तुमच्या ऑफिसातून उत्तर आलं तर मी पहिलं तेच बघणार आहे, आणि आधीच सांगते, ते स्कॅन करून पाठवू नका.