रविवारच्या फोननंतर

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी आपटला. चूक माझीच. ‘नोकरीपुरता बाप्तिस्मा घेतला तर काय बिघडलं, बाबा?’ हे तू हसत म्हणालीस, एवढं कळायला मला दोन दिवस लागले.

नचिकेतनं पाठवलेले कागद तेव्हापासून वाचतोय. स्कॉटलंडात कॅथलिक शाळा १९१८च्या कायद्यानं सरकारी खर्चात आल्या आणि शिक्षकाची श्रद्धा नि चारित्र्य यांना चर्चची मान्यता हवी, हेही तेव्हाच ठरलं. म्हणजे तुझ्या शाळेनं ती अट मनानं घातलेली नाही. पण ग्लासगोत एका नास्तिक शिक्षकाला, तू अर्ज करतेयस तशाच, मुलांच्या अडीअडचणी बघण्याच्या पदासाठी मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. गडी कौन्सिलशी भांडला आणि २००७ साली अपिलातही जिंकला. भरपाई २००० पौंड. गणिताचाच मास्तर बरं का! तेव्हा भांडायचं तर खुशाल भांड, युनियनला विचारून. फॉर्मवर खोटं मात्र लिहू नकोस.

लागलं माझं प्रवचन सुरू. तुला वर्गात उभं केल्यासारखं बोलतो, आई म्हणते ते खरंय.

मिशनच्या शाळेत मी ३१ वर्षं वर्गमूळं शिकवली. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अजून तोंडपाठ आहे. कुणी मला धर्म विचारला नाही. नाताळात रेव्हरंडांकडून करंज्यांचा डबा यायचा आणि सोवळ्यातली आजी पहिली करंजी तुला द्यायची, आठवतं? मुख्याध्यापकाची जागा निघाली तेव्हा मात्र माझ्या सात वर्षं मागचा पुढे गेला. कलम ३०. अल्पसंख्याकांच्या संस्थेला मुख्याध्यापक आपला निवडता येतो. नागरिकशास्त्राच्या तासाला ते मीच शिकवलेलं, तरी त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी आलो. तू चौथीत होतीस. पंक्चर झाली का, म्हणून विचारलंस. हो म्हणालो.

त्या रात्री माझ्याही मनात आलं होतं, चार थेंब पाणी, त्यात काय एवढं. आईलासुद्धा हे ठाऊक नाही. मग रेव्हरंड डोळ्यांपुढे आले. त्यांचं ते सगळं खरं होतं गं. त्यांच्यापुढे खोटं हात जोडून उभं कसं राहायचं?

देव बदललास तर मी काय करीन, ते मलाच माहीत नाही. खरंच मनातून बदललास तर बोलू. आप्पा असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी घेणार नाही, बहुतेक.

परक्या देशात त्यांच्या पोरांना तू गणित शिकवतेस, हे बँकेत पेन्शनच्या रांगेत मी चौघांना तरी सांगतो.

मेतकूट आणि कुळथाचं पीठ सोमवारी पाठवलंय. पुन्हा त्या विषयावर बोलणार नाही. फॉर्म भरलास की फोटो पाठव. सगळा नको, धर्माचा रकाना तेवढा.

तुझे,
बाबा